पासवर्ड टाकताना भिंतीकडे तोंड

लिनक्स पहिल्यांदा चालू केलं तेव्हा मला वाटलं, कीबोर्ड बिघडला.

सुरक्षा तपासणीचं काम करणारे लोक वापरतात ते काली लिनक्स मी उतरवून घेतलं होतं आणि लॅपटॉपच्या आत आणखी एक लॅपटॉप असावा तसं, व्हर्च्युअल मशीनमध्ये बसवलं होतं. त्यात शिरायचं नाव आणि पासवर्ड दोन्ही आधीपासून ठरलेले असतात, आणि ते साऱ्या जगाला ठाऊक असतात. दुसऱ्यांची कुलपं तपासायचं साधन, आणि त्याचं स्वतःचं कुलूप असं. म्हणून पहिलं काम तो पासवर्ड बदलायचं. काळ्या खिडकीत आज्ञा लिहिली, नवा पासवर्ड टाईप करायला लागले, तर पडद्यावर काहीच उमटेना. ठिपके नाहीत, फुल्या नाहीत, नुसता चौकोन लुकलुकतोय. मी कीबोर्ड फडक्यानं पुसला. खाली दुकानात जाऊन बिलाच्या कॉम्प्युटरचा कीबोर्ड काढून आणला आणि तो जोडला. तरी तेच.

मग वाचल्यावर कळलं की ते असंच असतं. बाजूला उभ्या असलेल्या माणसाला पासवर्ड तर नाहीच, पण त्यात अक्षरं किती आहेत हेसुद्धा कळू नये, म्हणून लिनक्स काहीच दाखवत नाही. मला ही रीत फार आवडली. मीही साधारण अशीच आहे.

आमचं घर सीमाभागातल्या शहापूरच्या एका बोळात आहे. खाली पुढच्या बाजूला आप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, साड्यांचं दुकान, मागं दोन माग, वर आम्ही राहतो. मला आईवडिलांनी लांबच्या इंग्रजी शाळेत घातलं. शाळेत इंग्रजी, घरात मराठी, बोळात निम्मं कानडी. तीन भाषा आल्या आणि तिन्हींत मी कमी बोलू लागले. पाहुणे आले की आई म्हणायची, "बोलती की, पर कमी बोलती," आणि मी पाण्याचे ग्लास ठेवून आत जायची. माणसं बघायला मला आवडतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं की मात्र हात कुठं ठेवावे ते कळत नाही.

बी.सी.ए. झाल्यावर आप्पांच्या ओळखीच्या एका पतसोसायटीच्या चेअरमननी मला त्यांच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसवायचं कबूल केलं होतं. चेअरमनकाका दुकानात चहाला यायचे. त्यांना मी लहानपणापासून बघत आले आहे. माणूस वाईट नाही, पण त्यांच्या ऑफिसात दिवसभर पावत्या टाईप करत बसायचं मला नको होतं. मला काय करायचं होतं ते मी ऑनलाइन एका शिक्षकांकडे शिकत होते, आणि घरात ते कुणाला सांगितलं नव्हतं. शेवटी एका दुपारी, दुकानात गिऱ्हाईक नसताना, आप्पांना सांगितलं.

"ह्या कामाचं नाव काय म्हणालीस?" आप्पांनी विचारलं. ते साडीची घडी घालत होते.

"सिक्युरिटी टेस्टिंग."

"म्हंजे करायचं काय?"

"लोकांच्या सिस्टीममध्ये चोराला कुठून शिरता येईल, ते चोराच्या आधी आपण शोधायचं. आणि त्यांना सांगायचं."

"त्यांनी बोलावलं तर शोधायचं, का आपल्या मनानंच?"

हा प्रश्न माझ्या शिक्षकांनी पहिल्या दिवशी आम्हाला विचारला होता. आप्पांनी तो घडी घालता घालता विचारला.

"बोलावलं तरच. त्यांची परवानगी पाहिजे. नाहीतर तो गुन्हा आहे."

"मग तुला कोण बोलावणार हाय?"

आप्पांनी साडी कपाटात ठेवली. "असं कर. रथसप्तमीपातूर वेळ घे. तंवर कुणी एक माणूस मला येऊन म्हणू दे, की ह्या पोरीनं माझं काम केलं आणि ते कामाचं हुतं. न्हायतर गप सोसायटीत जायचं. कबूल?"

"कबूल," मी म्हणाले. संक्रांत तोंडावर आली होती.

चेअरमनकाकांना हे कळायला वेळ लागला नाही. दुसऱ्याच दिवशी ते चहाचा कप बशीत ठेवत मोठ्यानं म्हणाले, "हॅकर झाली म्हणं तुमची पोरगी! माझ्या साडूचं फेसबुक उघडून दी म्हणावं. बघू तरी काय काय लिव्हतोय माझ्याबद्दल." दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली. आप्पाही हसले, पण कमी. मी जिन्यावर उभी होते, ती तशीच वर गेले.

वर माझं काम चालू होतं. सरावासाठी मुद्दाम कच्चं ठेवलेलं एक मशीन मिळतं. तेही लॅपटॉपच्या आतच बसवायचं आणि त्यात शिरायच्या वाटा शोधायच्या. एका मशीननं दुसऱ्याचं दार वाजवायचं, कुठलं उघडं आहे ते बघायचं. पहिलं दार सापडलं त्या दिवशी मी एकटीच खोलीत उभी राहिले आणि परत बसले. सांगायला कुणी नव्हतं. आई ज्वारी निवडत होती, तिला म्हणाले, "सापडलं." ती म्हणाली, "कुठं हुतं?" तिला वाटलं, सकाळपासून शोधत होते ते कानातलं.

पण सरावाच्या मशीनला माणूस नसतो. ते आपणहून आप्पांकडे जाऊन काही म्हणणार नव्हतं. म्हणून मी आधी आमच्या घरापासून सुरुवात करायचं ठरवलं आणि रीतसर आप्पांना विचारलं, "आपल्या घरचं वायफाय आणि दुकानाचा कॅमेरा तपासू का?"

"आपल्याच घरचं हाय, त्याला काय इचारायचं?"

"विचारायचंच असतं."

"बरं बाई. तपास. परवानगी हाय."

दुकानातला कॅमेरा एका जोडणाऱ्या माणसानं बसवून दिला होता. त्याचं पान मी उघडलं आणि कंपनीचा ठरलेला पासवर्ड टाकला. तो त्या कंपनीच्या माहितीपत्रकातच छापलेला असतो. पहिल्या फटक्यात आप्पा माझ्या पडद्यावर आले. खाली गल्ल्यावर बसून ते फूटपट्टीनं पाठ खाजवत होते. मी वरून हाक मारली, "आप्पा, डावीकडं अजून जरा वर." त्यांनी चमकून वर बघितलं, मग कॅमेऱ्याकडे बघितलं आणि फूटपट्टी हळूच खाली ठेवली. वर येऊन त्यांनी पडदा बघितला. मग म्हणाले, "हे कुणालाबी दिसतंय?"

"आपल्या वायफायवर जो कुणी आहे, त्याला."

"आपल्या वायफायवर आपणच की."

मलाही तसंच वाटत होतं. कॅमेऱ्याचा पासवर्ड आप्पांनी बदलला आणि मी आमच्या वायफायवर कोण कोण आहे त्याची नुसती हजेरी घेतली. व्हर्च्युअल मशीन आधी फक्त स्वतःच्याच आतलं बघतं, त्याला घराच्या जाळ्यात आणायला एक सेटिंग बदलावी लागते. ती बदलली, आज्ञा दिली, आणि नावं पडायला लागली. आमचे फोन, बिलाचं मशीन, कॅमेरा. त्यानंतरही नावं पडत राहिली. आमच्या घरात नसलेला टीव्ही. कुणाचे तरी फोन. आणि आमच्यासारखाच, त्याच कंपनीचा आणखी एक कॅमेरा.

मी लगेच हात काढून घेतला. पडद्याकडे बघत बसले आणि मग उठून गच्चीत गेले. कपडे वाळत घालायच्या दोरीच्या शेजारून एक काळी वायर पुढच्या गच्चीवर गेलेली होती, तिथून पलीकडच्या आणि तिथून त्याच्याही पलीकडच्या. मी ती रोज बघत होते. बोळात पहिलं इंटरनेट आमच्या दुकानात आलं, तेव्हा शेजारच्या घरांनी विचारलं आणि आप्पांनी वायर सोडून दिली. आमच्याकडे असंच चालतं. नळाला पाणी आलं नाही तर शेजारच्या विहिरीची मोटर लावतात, एकाच्या घरी आमटी जास्त झाली तर डबा भिंतीवरून जातो, तसं वायफायही गेलं. चार घरांचं जाळं एकच. आप्पांची परवानगी मात्र एकाच घरापुरती.

तो दुसरा कॅमेरा कुणाचा, ते मला माहीत होतं. आमच्या कॅमेरावाल्यानं त्याच दिवशी बोळाच्या टोकाच्या आक्कांच्या मागाच्या शेडमध्येही कॅमेरा बसवला होता. आमचा उघडा होता, म्हणजे त्यांचाही उघडा असणार. पण तो उघडून बघायचा मला हक्क नव्हता. नुसतं सांगावं, तर त्या म्हणतील, तुला कसं कळलं? तू बघितलंस व्हय?

मी आईला सगळं सांगितलं. आईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग परवानगी घे की तिन्ही घरांची."

"माझ्यानं नाही बोलवणार."

"हळदीकुंकवाचं बोलावणं द्यायला जायाचंच हाय. माझ्यासंगं चल. मी कुंकू लावती, तू परवानगी माग. दोन्ही एकाच फेरीत हुतंय."

म्हणून संक्रांतीनंतरच्या एका संध्याकाळी मी नवी साडी नेसून, हातात तिळगुळाचा डबा घेऊन, आईच्या मागं बोळातून निघाले. सुरक्षा तपासणीची परवानगी अशा थाटात कुणी मागितली असेल असं मला वाटत नाही. पहिल्या घरी आईनं काकूंना कुंकू लावलं, "मंगळवारी या बरं का," म्हणाली आणि कोपरानं मला ढोसलं.

"काकू," मी म्हणाले, "त्या दिवशी तुमचं वायफाय आणि फोन तपासले तर चालेल? पासवर्ड पक्के आहेत का बघायचं. तुम्ही नको म्हणालात तर नाही बघणार."

"माझा फोन?" काकू हसल्या. "बघ की. फोनात काय हाय माझ्या? भजनं हायत आणि सुनेच्या माहेरच्यांचे फोटो."

"घरातल्या सगळ्यांना विचारून सांगा."

"आता हिच्या सासऱ्याला काय इचारू, पासवर्ड पक्का हाय का म्हणून?" त्या सुनेकडे बघून म्हणाल्या आणि दोघी तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. पण आत जाऊन विचारून आल्या. दुसऱ्या घरीही असंच झालं. परत येताना मला अंग हलकं वाटत होतं. दोनदा बोलले होते आणि दोन्हीदा वाक्य शेवटपर्यंत गेलं होतं.

घरी येऊन डबा ठेवला तेव्हा ध्यानात आलं. तीन घरं होती. आम्ही दोनच केली होती.

आक्कांच्या दारावरून आम्ही सरळ पुढं आलो होतो. आई थांबली नाही आणि मीही थांबले नाही. आक्कांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. हळदीकुंकवाचं बोलावणं त्यांच्या दारी जात नाही. तसं कुणी ठरवून करत नाही, पाय आपोआप पुढं पडतात. त्यांच्याशी कुणाचं वैर नाही. आईचं आणि त्यांचं रोज गच्चीवरून बोलणं होतं. पण त्या एका फेरीत त्यांचं घर नसतं. आणि ज्याच्यासाठी ही सगळी फेरी होती, तो कॅमेरा त्यांच्याच घरात होता.

"आई," मी म्हणाले, "आक्का राहिल्या."

आईनं करंड्याचं झाकण लावलं. परत उघडलं. "त्यांना सोडून बाकीच्यांचं तपास."

"जाळं एकच आहे. वायफायचं बघायचं म्हणजे त्यांचंही आलं. त्या हो म्हणाल्या नाहीत तर मला कुणाचंच बघता येणार नाही."

आईनं करंडा उचलून फळीवर ठेवला. मग म्हणाली, "मी आले तर निस्तं बोलावणं दिल्यागत दिसंल, आणि ते आज का, असं त्यांना वाटंल. तू एकटी जा. तुझं काम हाय."

मी दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. आक्कांच्या शेडमध्ये पॉवरलूम चालू होते. त्यांच्या खडखडाटात शेजारच्या माणसाचं बोलणंही ऐकू येत नाही. आक्का एका मागाशी वाकून तुटलेला धागा जोडत होत्या. दोन बायका सुताच्या कांड्या भरत होत्या. मी दारात उभी राहिले. आक्कांनी बघितलं आणि हातानंच "बारव्वा, ये" केलं.

"आक्का, तुमचा कॅमेरा तपासायचा आहे," मी म्हणाले.

त्यांनी कानाला हात लावला.

मी आयुष्यात कधी ओरडले नव्हते. शाळेच्या मैदानावरसुद्धा नाही. "कॅमेरा!" मी ओरडले. त्यांनी परत हात लावला आणि दुसरा हात मागाच्या बटणाकडे नेला. मी छाती भरून घेतली आणि सगळं एका दमात काढलं, "तुमच्या कॅमेऱ्याचा पासवर्ड जगाला माहीत आहे!" नेमके तेव्हाच माग थांबले. शब्द बोळाच्या त्या टोकापर्यंत गेले असणार. कांड्या भरणाऱ्या बायका माझ्याकडे बघत राहिल्या.

"यव्वा," आक्का म्हणाल्या. "आवाज हाय की गं तुला."

मग बसून मी सगळं सांगितलं. आमचा कॅमेरा कसा उघडा निघाला, त्यांचाही तसाच असेल असं का वाटतं, आणि तो मी का उघडला नाही. आक्कांनी शेवटचंच पकडलं.

"बघितला न्हाईस?"

"नाही. तुमची परवानगी नव्हती."

"दाराला कुलूप न्हाय हे कळल्यावर माणूस आत डोकावतंयच."

"माझ्या कामात डोकावायचं नसतं."

त्या हातावरचा सुताचा कचरा झाडत राहिल्या. "आणि बाकीच्या बायकांची परवानगी कवा घेतलीस?"

मला खोटं बोलता येत नाही, आणि गप्प बसलं तरी माझ्या चेहऱ्यावर सगळं दिसतं. "काल. हळदीकुंकवाचं बोलावणं द्यायला गेलो होतो, तेव्हा."

कांड्या भरणाऱ्या बायकांनी माना खाली घातल्या. आक्का मात्र हसल्या. "बरं झालं, माझ्याकडं आला न्हाईसा. माझे माग चालू हुते, उठायची पंचाईत." मग म्हणाल्या, "परवानगी हाय माझी. पण एक अट हाय. माझ्यासमोर बघायचं. कवा बघणार हाईस?"

"मंगळवारी. आमच्या घरी. सगळ्या आल्यावर."

"मग यीन मी," आक्का म्हणाल्या. "माझं मशीन तपासणार, तर मी नको?" आणि त्यांनी बटण दाबलं.

मंगळवारी आईनं वाणाला छोटी कुलपं आणली होती. प्रत्येकाला दोन किल्ल्या. बायकांनी ती हातात घेऊन उलटसुलट बघितली. "कुलूप लुटत्यात व्हय कोण?" एका काकूंनी विचारलं. "गेल्या साली डबे तरी हुते." आई म्हणाली, "डब्यास्नी झाकणं राहत न्हाईत कुणाच्या घरात. हे तरी टिकंल."

मी भिंतीशी लॅपटॉप घेऊन बसले होते. बायका माझ्याभोवती कोंडाळं करून उभ्या होत्या. काळ्या पडद्यावर अक्षरं धावायला लागली तशा त्या पुढं वाकल्या. मी एकेक सांगत गेले. हा तुमचा टीव्ही. हा तुमच्या सुनेचा फोन. शिकले होते ते सगळं इंग्रजीत होतं, आणि त्यातलं कितीतरी मला मराठीत पहिल्यांदाच बोलावं लागत होतं. वाक्य अडलं की मी हातानं दाखवत होते. कुणी हसलं नाही. एका काकूंचा पासवर्ड त्यांचा स्वतःचाच फोन नंबर निघाला. त्या म्हणाल्या, "लक्षात राहतंय म्हणून ठेवला," आणि लगेच दुसऱ्या दोघींनी आपापले फोन पदराखाली घेतले, म्हणजे त्यांचेही तसेच असणार.

आक्का उशिरा आल्या. दारात थांबल्या. आई उठली, त्यांच्यासमोर गेली आणि बाकीच्यांसमोर धरला तसाच करंडा त्यांच्यासमोर धरला. आक्कांनी बोटानं हळद घेतली, कपाळाला नाही, मनगटाला लावली. मग येऊन माझ्या शेजारी बसल्या. "हं. आता माझं बघ."

मी त्यांच्या कॅमेऱ्याचं पान उघडलं. त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. मी ठरलेला पासवर्ड टाकला.

शेड दिसली. बंद माग दिसले. आक्का नाहीत म्हणून एक कांडीवाली बाई पाय पसरून शेंगा खात होती. सगळ्या हसल्या. आक्काही हसल्या. मग त्यांचं हसणं थांबलं. चित्राच्या कडेला, शेडमधल्या कापडी आडोशामागचा कोपरा दिसत होता. तिथं दोरीवर बायकांच्या कामाच्या साड्या होत्या. कामाला आल्यावर त्या तिथंच साडी बदलायच्या. आक्का दुपारी तिथंच चटई टाकून पडायच्या.

हे जाळं चार घरांचं होतं आणि चारही घरांच्या बायका तिथंच उभ्या होत्या. जी ती मनात आपल्या घरातल्या पुरुषमाणसांची नावं घेत असणार, असं मला वाटलं.

"कुणी बघितलंय काय गं हे?" आक्कांनी हळू विचारलं.

"ते मला सांगता येणार नाही," मी म्हणाले. "कुणी बघितलं नसेल, असंही मी म्हणणार नाही. आजपासून दिसणार नाही, एवढं करता येईल. आणि कॅमेऱ्याचं तोंड आज फिरवून घ्या."

खोटा धीर द्यावा असं क्षणभर वाटलं होतं. दिला नाही, याचं मला आजही बरं वाटतं. आक्का पडद्याकडे बघत राहिल्या. मग ताठ बसल्या. "बघितलं असंल तर माझं काम बघितलं असंल. कसं करायचं शिकले असतील. बदल तो पासवर्ड."

"मी नाही. तुम्ही टाका," मी लॅपटॉप त्यांच्या मांडीवर दिला. "काय टाकताय ते मलासुद्धा दिसायला नको. मी तोंड फिरवते."

मी उठून भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. मागं काही हालचाल झाली, बांगड्या वाजल्या. तिरकं बघितलं तर आई माझ्या शेजारी येऊन भिंतीकडे तोंड करून उभी होती. मग काकू, मग त्यांची सून. एकेक करत खोलीतल्या साऱ्या बायका फिरल्या. कुणी देवाच्या फोटोकडे तोंड केलं, कुणी कपाटाकडे, हातातली कुलपं तशीच धरून. मागं आक्कांच्या बोटाखाली एकेक कळ वाजत होती. त्या एका बोटानं टाईप करत होत्या, आणि वेळ लागत होता, आणि एकीनंही मागं वळून बघितलं नाही.

जिन्यातून आप्पा वर आले. "चहा मिळंल काय एक," असं म्हणत दारात आले आणि थबकले. "काय झालं गं? समद्या भिंतीकडं तोंड करून का हाईसा?"

"तुमीबी फिरा," आई म्हणाली. "आक्का पासवर्ड टाकालत्यात."

आप्पा फिरले. जिन्याकडे तोंड करून, हात मागं बांधून उभे राहिले.

"झालं," आक्का म्हणाल्या. त्यांनी लॅपटॉप बंद करून माझ्याकडे दिला आणि उठताना दाराकडे बघून, मागावर बोलतात त्या आवाजात म्हणाल्या, "तुमच्या पोरीनं माझं काम केलं बरं का. आणि लई कामाचं केलं." आप्पांच्या अटीबद्दल त्यांना कुणी सांगितलं होतं का, ते मी कधी विचारलं नाही. आईनं सांगितलं असेल. आप्पांची पाठच आमच्याकडे होती, चेहरा दिसला नाही. पण त्यांनी चहा न घेताच खाली जायचं ठरवलं, आणि जाताना जिन्याचा कठडा दोनदा थोपटला. साडी चांगली उतरली की ते मागाचं लाकूड तसं थोपटतात.

आक्का त्या दिवशी कुलूप घेऊन गेल्या. ते त्यांनी शेडच्या पेटीला लावलं. कॅमेऱ्याचं तोंड त्याच संध्याकाळी फिरलं.

रथसप्तमीला चेअरमनकाका आले. दुकानात गर्दी होती. मी त्या वेळी वर नव्हते. आप्पांनी गल्ल्याशेजारी माझ्यासाठी एक टेबल मांडलं होतं, तिथं बसले होते. बाहेरून येणाऱ्याला पहिल्यांदा मीच दिसत होते. हे मला अजून अवघड जातं, पण मी उठले नाही.

"मग? सोमवारपासनं पाठवताय न्हवं पोरीला?" काकांनी विचारलं.

"न्हाय," आप्पा म्हणाले. "टायपिंगला न्हाय यायची ती. तुमच्या ऑफिसाची कुलपं तपासायला पायजे असंल, तर सांगा. येईल."

"आमच्या ऑफिसात काय तपासायचं? लोखंडी शटर हाय." मग काकांनी खिशातला फोन काढला. "त्या आक्का काय काय सांगालत्या बाई. माझ्या घरातबी त्याच माणसानं कॅमेरे लावल्यात." ते माझ्याकडे वळले. "बघशील काय गं?"

"घरचं बघीन," मी म्हणाले. "घरातल्या सगळ्यांची परवानगी लागेल. काकूंचीसुद्धा. ऑफिसचं काम मोठं आहे, मी अजून शिकते आहे. ते माझ्या शिक्षकांना बरोबर घेऊनच करीन, आणि तुम्ही लिहून दिलं तरच."

"लिव्हून?" काका आप्पांकडे बघून हसले. "तुमच्या पोरीला मी लिव्हून द्यायचं?"

"आमच्याकडं तसंच हाय," आप्पा म्हणाले. ते हसले नाहीत.

काकांनी थोडा वेळ दोघांकडे बघितलं. मग घरी काकूंना फोन लावला, परवानगी विचारली, तिकडून बरंच काही ऐकून घेतलं आणि "व्हय म्हणती," म्हणाले. घरच्या कॅमेऱ्यांचं अ‍ॅप त्यांच्या फोनात होतंच, त्यातलं पासवर्ड बदलायचं पान मी उघडून दिलं आणि सवयीनं भिंतीकडे वळले.

काका टाईप करायला लागले, एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत.

"मनात म्हणा," शेजारून आवाज आला. "मनात." आप्पा हातातली साडी तशीच धरून, गिऱ्हाइकांकडे पाठ करून, माझ्या शेजारी भिंतीकडे तोंड करून उभे होते.